पातळ झालेला बेस

सकाळपासून गाणं जागचं हललं नव्हतं. हलत होते ते फक्त चहाचे कप. रेकॉर्डिस्ट खुर्चीत असा रुतला होता की खुर्ची कुठे संपते आणि तो कुठे सुरू होतो हे त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. काचेपलीकडे त्याचा साडू मांडीवर बेस गिटार घेऊन, दवाखान्यात नंबर लावल्यासारखा बसला होता.

"काका, बेस पातळ येतोय," संगीतकार पुन्हा म्हणाला. "पाणी घातल्यासारखा."

"येईल कसा? तीन वाटांनी घेतोय."

तीन वाटांची हौस रेकॉर्डिस्टचीच. साडूच्या बेसला तारांखाली आवाज टिपणारे दोन पिकअप होते, एक मानेजवळ, दुसरा घोडीजवळ. दोघांच्या वायरी त्याने वेगळ्या काढल्या होत्या. मानेजवळच्या वायरीला एका डब्यातून दोन फाटे फोडले होते: एक सरळ मशीनकडे, दुसरा बाथरूममधल्या अॅम्प्लिफायरकडे, आणि त्याच्या तोंडाशी माइक. एका तारेला एवढे कान लावले, आणि हाती काय लागत होतं, तर डास.

थकलेला माणूस आधी दुसऱ्याची चूक शोधतो, तशी त्यानेही शोधली. उठून माइक सरकवला. अॅम्प्लिफायरला दोन चापट्या मारल्या. डब्याकडे रागाने पाहिलं. डास तसाच गुणगुणत राहिला.

"वाईट वाटून घेऊ नका," संगीतकार खुर्ची जवळ ओढत म्हणाला, "पण तुमच्या साडूंच्या बोटांत आता दम नाही. मी कीबोर्डवर बेस वाजवून टाकतो. त्यांना तेवढं तुम्ही सांगा. नातं तुमचं."

रेकॉर्डिस्टने मान हलवली. मग त्याला दिसलं की आपलं कोपर आतल्या माणसाशी बोलायच्या बटणावर टेकलंय. कधीपासून, देव जाणे.

"ऐकलं मी," स्पीकरमधून साडू म्हणाला. त्याने हेडफोन कानांवरून काढून गळ्यात अडकवला. "सांगायचा तुझा त्रास वाचला. गेल्या आठवड्यापासून मलाही तेच वाटतंय. जोर लावला तरी आवाजाला अंगच नाही. तुझी मेहुणी रोज रात्री तेल लावून बोटं रगडून देते बिचारी. जाऊ दे. देऊन टाकतो हा बेस कुणाला तरी."

त्याने वायरी काढल्या, बेस बॅगेत घातला आणि चेन ओढली. तीही सावकाश, शोकसभेत ओढावी तशी.

गेल्या आठवड्यापासून. रेकॉर्डिस्ट खुर्चीत सरळ झाला. गेल्याच आठवड्यात घोडीजवळच्या पिकअपच्या वायरींचा टाका सुटला होता. "घरचा माणूस असताना दुकानात कशाला?" असं म्हणून तो टाका त्याने स्वतः, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एक डोळा टीव्हीवर ठेवून मारला होता.

त्याने मघाचंच वाजवणं पुन्हा लावलं. मानेजवळचा पिकअप एकटा: म्हशीसारखा भरदार. घोडीजवळचा एकटा: तोही खणखणीत. दोघं एकत्र केले: डास. एकमेकांवर उठलेल्या दोन सख्ख्या भावांनी मिळून घर खावं, तसा प्रकार. टाका मारताना घोडीजवळच्या पिकअपच्या दोन वायरी त्याने उलट्या जोडल्या होत्या.

आता मशीनवर एक बटण दाबलं की आवाज सरळ होणार होता. गुपचूप दाबलं असतं तर कुणाला कळणार होतं? उलट सांगितलं, तर हा खटला दोघी बहिणींच्या दरबारात जाणार आणि आरोपी मरेपर्यंत चालणार. त्याने काचेतून पाहिलं. साडू बॅग खांद्याला लावून आपल्याच बोटांकडे बघत उभा होता.

रेकॉर्डिस्टने या वेळी कोपराने नाही, बोटाने बटण दाबलं.

"चेन उघड."

"आता कशाला?"

"बोटं नाहीत रे बाबा, मी आहे. त्या पिकअपच्या वायरी मी उलट्या जोडल्या. एक पुढे ढकलतोय, दुसरा मागे ओढतोय. दोघं मिळून तुला खातायत."

साडूने बॅग खांद्यावरून खाली ठेवली.

"साडूभाऊ, मी आठवडाभर हाताला तेल लावून झोपतोय."

"माहीत आहे."

"उशा खराब झाल्या."

"ते माहीत नव्हतं."

"कळेल. घरी पोचायच्या आत कळेल."

पण बोलता बोलता त्याने बेस बाहेर काढला होता. वायरी लागल्या, रेकॉर्डिस्टने उलटं करायचं बटण दाबलं, आणि पहिल्याच सुराला टेबलावरच्या बशा थरथरल्या. गाणं संपेपर्यंत कुणी कप उचलला नाही.

"बघितलंत?" संगीतकार खूश होऊन म्हणाला. वायरींचं त्याच्या डोक्यावरून गेलं होतं. "जुन्या माणसांना जरा टोचून बोलावं लागतं. हाच ठेवा. झालं काम."

कीबोर्ड झाकून तो फोनवर बोलत बाहेर गेला. साडू मात्र उठेना.

"अजून एकदा वाजवू?" त्याने विचारलं. "गरज नाहीये म्हणा."

रेकॉर्डिस्टची पाठ मोडून आली होती, डोळे मिटत होते. घरी बायको वाट बघत असेल, आणि बहीण बहिणीला फोन करेलच.

"वाजव बाबा, वाजव," तो म्हणाला. "घरी जायची मला तरी कुठे घाई आहे?"