तिथली वेळ

"काका, किती वेळ लागतो हो?" शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं.

"पाच तास दहा मिनिटं. तीन हजार नऊशे किलोमीटर." पट्टा आवळत त्याने तोंडपाठ सांगितलं. "परतताना वारा समोरून, म्हणून वीस मिनिटं जास्त."

"बरेचदा जाता वाटतं?"

"छे हो! पहिलीच खेप."

खरंच पहिली. विमानाची तिकिटं काढून देण्यात त्याने एकतीस वर्षं घालवली. ऑफिसात सगळे त्याला 'वेळापत्रक'च म्हणत, पण स्वतः तो कधी विमानात चढला नव्हता. तो नोकरीला लागला त्याच वर्षी ताई लग्न होऊन परदेशी गेली, तेव्हापासून दर फोनवर तिचं एकच पालुपद, "कधी येतोस रे?" याचंही उत्तर ठरलेलं, "अगं, पाच तासांवर तर आहेस. मनात आलं की निघालो!" मनात रोज यायचं. पण सुट्ट्यांचा हंगाम, गिऱ्हाइकांची गर्दी, पुढच्या वर्षी नक्की... माणूस स्वतःलाच किती सहज गंडवतो!

काल भाच्याचा फोन आला. "मामा, आईचं उद्या ऑपरेशन. पाचला आत नेणार. डॉक्टर काही खात्री देत नाहीत. ती म्हणते, त्याआधी एकदा त्याला बघू दे."

"दहाचं विमान आहे. तीनला उतरतो. ताईला सांग, आलोच म्हणून."

तिकीट ऑफिसातल्या नव्या मुलीने काढून दिलं. त्याने ते न वाचताच खिशात घातलं. वेळापत्रकाला काय वाचायचंय?

"म्हणजे पावणेसहापर्यंत पोचू," बाई आपल्या घड्याळाचे काटे पुढे सरकवत म्हणाल्या. "तिकडे अडीच तास पुढे ना?"

त्याचा हात खिशाकडे गेला. हजारो तिकिटांवर लाल पेन्सिलीने गोल करून त्याने लोकांना बजावलं होतं, "ही तिथली वेळ बरं का, घोळ घालू नका." घोळ घालणाऱ्यांना मागून हसलाही होता. त्याने तिकीट काढलं. पाच चाळीस, स्वच्छ छापलेलं. विमान धावू लागलं होतं, फोन बंद होते. अडीच तासांचं काय घेऊन बसलात, एकतीस वर्षं हातात होती! समोर आलेल्या जेवणाला त्याने हात लावला नाही.

दवाखान्यात पोचला तेव्हा तिथे साडेसहा वाजले होते. भाचा दारातच उभा होता. "मामा, पाचला नेलं तिला."

आठ वाजता डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"माझंच चुकलं रे," तो हुंदके देत म्हणाला. "तीनला येतो म्हणालो. माझी वाट बघत बघत गेली."

"नाही मामा." भाच्याने खिशातून एक जुनं मनगटी घड्याळ काढलं. "हे तिच्या उशाशी असायचं, तुमच्या वेळेला लावलेलं. रोज किल्ली द्यायची. आत नेताना तिने यात बघितलं आणि हसली. म्हणाली, 'त्याचे आत्ता कुठे अडीच वाजलेत. वेड्याने तिकडची वेळ सांगितली. आला की रागावू नका त्याला.'"

त्याने घड्याळ हातात घेतलं. साडेपाच. त्याच्या मनगटावरही साडेपाचच. दोन्हींत मिनिटाचाही फरक नव्हता.

तो बाकावर बसला आणि ताईच्या घड्याळाला हळूहळू किल्ली देऊ लागला.