डावीकडे रुंद

आमच्या दातांच्या दवाखान्यात फोन आला की मी पहिल्यांदा विचारते, "गाल सुजलाय का?" पेशंट नाही म्हणाला तरी सोडत नाही. म्हणते, "मास्क काढून फोटो पाठवा." लोक चिडतात. परवा एक आजोबा म्हणाले, "बाई, तुम्ही डॉक्टर आहात की पोलीस?" म्हटलं, "दोन्ही नाही. बावीस वर्षं इथं मदतनीस आहे. पाठवा मुकाट्यानं."

साथ ऐन भरात होती तेव्हा माझ्या सख्ख्या भावाला मी हे विचारलं होतं. पण बघितलं नव्हतं.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. शिंपी. अंगानं काडी आणि तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून सगळे त्याला टाचण्याच म्हणायचे. लग्न केलं नाही, दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचा. कात्री हाताशी असली तरी मेला दोरा दातानं तोडायचा. "अरे, दाढा काय भाड्यानं आणल्यास?" मी ओरडायचे, तो हसायचा. शेवटी डावीकडच्या खालच्या दाढेचा टवका उडाला, आणि साथीच्या दुसऱ्या महिन्यात ती ठणकायला लागली.

त्याला घाबरवून ठेवलं होतं ते मीच. रोज फोनवर माझं पुराण चालायचं. ड्रिल सुरू झालं की थुंकीचा फवारा कसा उडतो, हवेत किती वेळ राहतो, त्या प्लास्टिकच्या झग्यात आम्ही कशा उकडून निघतो. पलीकडच्या रस्त्यावरचे दातांचे डॉक्टर त्यातच गेले, तेही मीठमसाला लावून सांगितलं होतं. त्यामुळे दाढ दुखते म्हणाला तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं, "इथला उंबरा ओलांडू नकोस. गोळी घे, मिठाच्या पाण्यानं चुळा भर. फक्त सूज आली तर माझा नाइलाज आहे. मग खुर्चीत बसावंच लागेल."

"सूज नाही गं ताई."

"नक्की ना?"

"अगं, नाही म्हटलं ना!"

कामावरून परतताना मी त्याच्या पायरीवर डबा ठेवायचे आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहायचे. मग तो शटर अर्धं वर करून बाहेर यायचा. एका संध्याकाळी त्यानं मास्क हनुवटीकडे ओढायला घेतला, तर मी सगळा रस्ता ऐकेल अशी किंचाळले, "वर कर आधी! दिवसभर लोकांच्या तोंडात हात असतात माझे, कळतंय का?" त्यानं घाईघाईनं वर केला. त्याला काही दाखवायचं होतं की नुसतं खाजवायचं होतं, आता कोण सांगणार? त्यानंतर त्या पायरीवर मला त्याचं उघडं तोंड कधी दिसलं नाही.

मास्क त्याचेच शिवलेले असायचे. कपडे शिवायला कुणी येत नव्हतं, म्हणून तो शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी मास्कच शिवत बसायचा. आमच्या दवाखान्यालाही त्यानं दोन डझन दिले. माझा तर नाकावर असा बसायचा की चष्म्यावर वाफ धरायची नाही. म्हणूनच त्याच्या तोंडावरचा निळ्या चौकडीचा नवा मास्क ढगळ दिसला तेव्हा मी लगेच टोमणा मारला, "स्वतःच्याच मापात चुकलास होय रे?"

"कापड उरलं होतं," तो म्हणाला. आवाज घोगरा वाटला, पण मास्कमधून सगळ्यांचाच तसा यायचा. "ताई, उद्या जरा पातळ काहीतरी आण ना."

"चोचले बघा!" मी म्हटलं. पण नेलं पातळ.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या घड्याळवाल्याचा फोन आला. टाचण्या पायरीवर बसलाय, श्वास लागलाय, बोलता येत नाही, आणि साथ लागली म्हणून कुणी जवळ जात नाही. मलाही तेच वाटलं. मीच आणून दिली असणार, दुसरं कोण?

रुग्णालयात डॉक्टरांनी त्याचा मास्क उतरवला. गाल, जबडा, गळा, सगळं एक झालं होतं. "साथ नाही वाटत ही," ते म्हणाले. "दाढेचा पू गळ्यात उतरलाय. इतके दिवस काय करत होतात?" टाचण्यानं माझ्याकडे बघितलं. चोरी पकडल्यावर लहानपणी बघायचा ना, अगदी तसं. त्याला आत नेलं, आणि दुपारी तो गेला. चाचणीचा कागद दुसऱ्या दिवशी आला. साथ नव्हतीच.

आमच्या डॉक्टरीणबाई रडल्या. "आधी आणलं असतंस तर अर्ध्या तासाचं काम होतं गं." मला का ठाऊक नव्हतं? ट्रे मीच लावला असता. मीच त्याचं डोकं धरलं असतं.

आठवड्यानं मी दुकान उघडलं. आतल्या दोरीवर निळ्या चौकडीचे तीन मास्क धुऊन वाळत घातलेले होते. घडी घालायची म्हणून कापायच्या टेबलावर एकावर एक ठेवले. उजवीकडे कडा बरोबर जुळल्या, डावीकडे जुळेनात. दुसरा पहिल्यापेक्षा बोटभर रुंद, तिसरा त्याहून बोटभर. चौथा मशीनवर अर्धवट होता. त्याची डावी बाजू तर तळहाताएवढी वाढवलेली, अजून नुसती टाचून ठेवलेली.

सूज वाढेल तसं तो कापड वाढवत होता. मला दिसू नये म्हणून, खुर्चीत बसावं लागू नये म्हणून.

मी खाली बसले आणि पोटभर रडले. सगळी मापं अगदी बरोबर होती. आणि मी त्याला म्हटलं होतं, मापात चुकलास.