रुडेनबाईंची चार मिनिटं

"बाई, तुम्ही शाळेत लघवीला कधी जाता?"

हा प्रश्न मी विचारला. मी, मॅरेन टॉलेफसन, अकरावी, पहिला बाक. दोन वर्षांपूर्वी हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा घसा कोरडा पडायचा. या वर्षी वक्तृत्वाच्या संघात गेले, फार्गो शहरातल्या स्पर्धेतून बक्षीस आणलं, आणि तेव्हापासून माझं तोंड मिटत नाही असं घरात सगळ्यांचं मत आहे. माझ्या वर्गातल्या ब्रिन आणि सोल्वेगनं जेवणाच्या सुट्टीत मला डिवचलं होतं. "एवढी शूर आहेस ना? मग विचारून दाखव. बाईंना दिवसभरात वर्गातून हलताना कुणी पाहिलंय का?"

रसायनशास्त्राच्या रुडेनबाई फळ्यावर समीकरण लिहीत होत्या. त्यांनी खडूसुद्धा खाली ठेवला नाही.

"सकाळी सव्वासातला. नंतर दुपारी तीनला. आणखी काही शंका?"

"आणि मध्ये?"

"मध्ये तुम्ही असता."

वर्गात हशा फुटला. मीही हसले, सगळ्यांत मोठ्यानं. बाईंनी समीकरण पुरं केलं आणि बाकीचं आम्हाला घरी सोडवायला दिलं.

आता खरी गोष्ट सांगते. आमच्या शाळेत नियम आहे की वर्ग एक मिनिटही एकटा सोडायचा नाही. तसा प्रत्येक शिक्षकाला दिवसात एक तास मोकळा असतो, पण तो कागदावर. कुणी आजारी पडलं की बदली शिक्षक मिळत नाही. नॉर्थ डकोटाच्या या कोपऱ्यात जे दोघं-तिघं आहेत, ते बर्फ पडलं की चाळीस मैल गाडी हाकत यायला तयार नसतात. मग मोकळा तास असलेल्यानं दुसऱ्याचा वर्ग धरायचा. याला नकार देत नाहीत. नकार देणारा 'आपल्यातला नाही' असं समजतात. आणि बदल्यात काय मिळतं? स्टिकर! निळ्या पँटचं चित्र असलेला. तो मिळाला की एका शुक्रवारी जीन्स घालून यायची मुभा; एरवी शिक्षकांना जीन्स बंद. या प्रकाराला 'शिक्षक स्वास्थ्य योजना' म्हणतात. शिक्षकांच्या खोलीच्या दारावर त्याचं पोस्टरही आहे. त्यावर एक बाई डोळे मिटून बसली आहे आणि खाली लिहिलंय, 'आधी स्वतःची काळजी घ्या'.

रुडेनबाईंच्या कपाटाच्या दाराला आतून सदतीस स्टिकर होते. परीक्षानळ्या काढताना मी मोजले.

"बाई, एवढ्या जीन्स आहेत तुमच्याकडे?"

"एकच आहे," त्या म्हणाल्या. "नळ्या धुऊन ठेव."

हे सगळं मला दिसत होतं, तरी मी काय केलं? खेळ काढला. एक कागद. प्रत्येक तासाला बाई बाहेर गेल्या की नाही ते त्यावर लिहायचं आणि पुढच्या वर्गाच्या हातात द्यायचा. पहिला तास: नाही. दुसरा: नाही. ज्यांच्या तासाला जातील तो वर्ग जिंकला. तीन आठवडे कुणीच जिंकलं नाही. ती कल्पना माझी होती. सगळे म्हणाले, मॅरेनचं डोकं कसलं भन्नाट चालतं! मला फार बरं वाटलं होतं.

मग जानेवारीतला तो गुरुवार उजाडला. बाहेर उणे अठ्ठावीस. बाईंचा चेहरा लाल झाला होता आणि एक हात सतत टेबलाला धरलेला होता. भिंतीवरचा फोन माझ्या बाकाच्या अगदी शेजारी आहे, त्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"लोवेनसर, पाच मिनिटं कुणाला तरी पाठवा. हो, आत्ता."

लोवेनसर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. कुणी आलं नाही. दहा मिनिटांनी बाईंनी पुन्हा फोन उचलला.

"कुणीच नाही म्हणजे? तुम्ही या. सर, मला बरं नाहीये. मी गंमत करत नाहीये."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. बाईंनी फोन ठेवला. एकेका टेबलापाशी जाऊन बर्नर विझवले. गॅसची मुख्य तोटी किल्लीनं बंद केली, आम्लाच्या कपाटाला कुलूप लावलं आणि दोन्ही किल्ल्या खिशात टाकल्या.

"मॅरेन, दोन मिनिटं लक्ष ठेव," म्हणाल्या आणि गेल्या.

दार बंद झालं आणि सत्तावीस जणांनी टाळ्या पिटल्या. "गेली रे गेली! आपण जिंकलो!" मी मोबाइलवर घड्याळ सुरू केलं आणि हात उंच धरला. ब्रिननं मोबाइलवर सगळं टिपलं. रिकामी खुर्ची, टाळ्या, आणि आकडे पळणारं ते घड्याळ. बाई भिंतीला धरत परत आल्या तेव्हा चार मिनिटं अकरा सेकंद झाले होते. त्यांनी आमचे मोबाइल पाहिले. ओठ पांढरे पडले होते. उरलेला तास बसून शिकवला. त्यांना बसून शिकवताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात होत्या. मूत्रपिंडाला सूज. त्यांचा वर्ग खेळाच्या सरांनी धरला. त्यांना एक स्टिकर मिळाला.

तोवर ब्रिनचा व्हिडिओ गावभर झाला होता. आमच्या गावात पालकांचा एक गट आहे, 'जागरूक पालक', मोबाइलवरचा. चारशे माणसं. कुणाला किती गृहपाठ दिला, कोणते शिक्षक गाडी लावताना हसले नाहीत, कुणी ईमेलला तासाभरात उत्तर दिलं नाही, सगळं तिथे येतं. गट चालवते माझी आई. ती दाताच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर लोकांच्या तोंडात बघते आणि संध्याकाळी शिक्षकांच्या.

आईनं लिहिलं, 'चार मिनिटं! गॅस, आम्ल आणि सत्तावीस लेकरं! उद्या काही झालं असतं तर?'

खाली रांग लागली. 'ही तीच ना, जीन्स घालून मिरवते ती?' 'उन्हाळ्यात तीन महिने सुट्टी, तरी यांचं रडगाणं चालूच.' 'जमत नसेल तर घरी बसा म्हणावं.' आईनं बाईंचा जीन्समधला फोटो टाकला. 'बेफिकिरीचा पुरावा' असं वर लिहिलं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की ती जीन्स म्हणजे बक्षीस होतं. मी तरी कुठे सांगितलं?

आठवड्याभरात लोवेनसरांनी जाहीर केलं की कार्यालयात कुणाचाही फोन आला नव्हता. बाईंना रजेवर पाठवलं. बावीस वर्षांची नोकरी ठेवायची की नाही, ते सोमवारच्या शाळा मंडळाच्या सभेत ठरणार होतं.

सभेआधीच्या गुरुवारी बाई सामान न्यायला आल्या तेव्हा मी प्रयोगशाळेत गेले.

"दार उघडं ठेव," त्या म्हणाल्या. "विद्यार्थ्यांशी एकटीनं बोलायची मला मनाई आहे."

"बाई, सॉरी. तो प्रश्न..."

"प्रश्न चांगला होता. बावीस वर्षांत दुसऱ्या कुणी विचारला नाही. उत्तर ऐकून हसलात, ते वाईट होतं."

"मग मी आता काय करू?"

"ते मला विचारतेस?" त्यांनी पेटीचं झाकण आपटलं. "तुला बरं वाटावं म्हणून आज मी काहीही करणार नाहीये, मॅरेन. बाजूला हो, मला जायचंय."

मला राग आला. आधी त्यांचा. मग गाड्यांच्या आवारापर्यंत येता येता तो राग वळला आणि माझ्याच अंगावर आला.

रविवारी चर्चमधून आल्यावर आम्ही जेवायला बसलो. ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा हॉटडिश अजून वाफाळत होता. आईनं माझ्या ताटाशेजारी एक कागद ठेवला. 'शिक्षिका कोणालाही न कळवता वर्ग सोडून गेल्या. मला अत्यंत असुरक्षित वाटले.' खाली माझं नाव, टाइप केलेलं.

"सही कर, मग वाढते," आई म्हणाली.

"हे खोटं आहे."

"कुठलं खोटं? चार मिनिटं बाहेर होती की नव्हती?"

"होत्या. दोनदा फोन करून, गॅस बंद करून गेल्या. मी ऐकलंय, मी पाहिलंय."

"लोवेनसर म्हणतात फोन नव्हता."

"मग लोवेनसर खोटं बोलतात."

"बघितलंस?" आई बाबांकडे वळली. "वक्तृत्वाला घालू नको म्हणत होते मी. आता मुख्याध्यापक खोटे, आई खोटी, आणि ही एकटी खरी. अगं, तुला भीती नाही वाटली?"

"नाही. मी हसत होते. त्या व्हिडिओत घड्याळ धरलेला हात कुणाचा आहे, आई?"

"मला काय माहीत! असेल कुणीतरी कार्टं."

मी हात तिच्यासमोर धरला. हिरवी नेलपॉलिश अर्धी खरवडली गेली होती. नाताळात तिनंच आणली होती.

आई त्या बोटांकडे बघत राहिली. तो व्हिडिओ तिनं शंभरदा पाहिला असेल, चारशे लोकांना दाखवला असेल.

बाबा जिल्ह्याच्या रस्त्यांवर बर्फ काढायची गाडी चालवतात. जेवताना फारसं बोलत नाहीत. आता ते काटा खाली ठेवून म्हणाले, "मी दहा तास गाडीवर असतो. पण हवं तिथे थांबवता तरी येते मला."

"तू तिची बाजू घेऊ नकोस, आर्ने!" आईचा आवाज चढला. "आणि तू ऐक. हा हात कुणाचा ते या घराबाहेर जाता कामा नये. पुढच्या वर्षी कॉलेजचे अर्ज आहेत. लोक काय म्हणतील? टॉलेफसनची पोरगी हे धंदे करते आणि तिची आई जगाला शिकवते?"

"तेच म्हणतील."

"मग गुपचूप सही कर आणि विषय संपव."

मी कागदाची घडी घालून तिच्या ताटाशेजारी सरकवली.

"मी सही करणार नाही. उद्या सभेत बोलायला मी नाव दिलंय. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. यादीत तिसरी तू आहेस, चौथी मी. दोन फोन, किल्ल्या, सदतीस तास दुसऱ्यांचे वर्ग धरलेले, आणि तो खेळ कुणी काढला, सगळं सांगणार आहे."

"त्या सभेत शिक्षकाचं नाव घेता येत नाही," आई म्हणाली. "नियम आहे."

"माहीत आहे," मी म्हणाले. "मी माझं घेणार आहे."