शेवटचा हात

माझ्या सुनेला साधे बोल्ट आवळायचे तरी मधूनच सुरुवात लागते. टोकाचा बोल्ट समोर असतो, हाताशी असतो, पण बाईसाहेब वाकून मधला शोधणार. मग एक डावा, एक उजवा, असं करत टोकापर्यंत. तेही एका दमात नाही, तीन फेऱ्या. वर तिचा तो आकड्यांचा पाना. ठरलेला जोर लागला की तो कट्ट वाजतो आणि ही चटका बसल्यासारखा हात काढून घेते.

आमच्या गॅरेजात शेवटचा हात माझा असायचा. हे होते तेव्हापासून. गाडी कोणीही जोडो, इंजिन सुरू करायच्या आधी प्रत्येक बोल्टवर मी पाना फिरवायचे. शाळा माझी दोन इयत्ता, पण मनगटाला सगळं कळतं. मुलगा हाक मारायचा, "आई, हात लाव गं."

त्या दिवशी इंजिनात हवा नेणारा मॅनिफोल्ड साफ करून सुनेने परत बसवला. फटीतून हवा शिरू नये म्हणून मधे नवं पॅकिंग, वर आठ बोल्ट. पदराला हात पुसत मी पुढे झाले, तर मुलगा म्हणतो, "राहू दे आई. तिने मोजून आवळलेत."

मोजून म्हणे. सोळा वर्षं हा माझ्या मनगटाच्या भरवशावर गाड्या रस्त्यावर सोडत होता.

दोघं आत जेवायला बसली. हसणं बाहेर ऐकू येत होतं. मला बोलावलं नाही असं नाही, सुनेने दोनदा हाक मारली. त्याचाच जास्त राग आला. मी लांब पाना घेतला आणि टोकापासून एकेक बोल्ट कचकचून आवळत सुटले. चार झाले तोच पावलं वाजली.

इंजिन सुरू झालं ते शिटी मारतच. कुठूनतरी हवा ओढत होतं, धापा टाकत होतं. मुलाचं तोंड उतरलं.

"गिऱ्हाईक चारला दारात येईल. बघ तुझ्या पान्याची करामत," तो तिला म्हणाला.

खरं सांगते, मला गार वाटलं.

ती वाकली. आवळून झालं की बोल्टच्या डोक्यावरून खाली मॅनिफोल्डपर्यंत ती पांढऱ्या रंगाची रेघ मारते. मला तो नट्टापट्टा वाटायचा. आता चार रेघा सरळ होत्या, चार मधेच तुटून सरकलेल्या. तिने त्यांवर बोट फिरवलं. मग पापणी लवेपर्यंत माझ्याकडे बघितलं.

"माझंच चुकलं," ती नवऱ्याला म्हणाली. "एक बाजू जास्त दाबली गेली, पॅकिंग वाकडं बसलं. परत उघडते."

माझी चूक, माझ्यादेखत, स्वतःच्या अंगावर. माझ्या सासूनेसुद्धा मला इतकं कधी जाळलं नव्हतं.

"थांब गं," मी म्हणाले. "आणि तूही ऐक रे, टोकाचे चार मी आवळलेत. सूनबाई, तुझं काम माझ्यापेक्षा सरस आहे. ते मला बघवत नाही, उद्याही बघवणार नाही. पण माझी चूक पदरात घ्यायला तू अजून एवढी मोठी झाली नाहीस. उघड ते, मधून सुरू कर. रेघा मात्र मी मारीन."