कड्याखालचा झीलकरी

ब्रह्मपुरीत कीर्तन कुणाचंही असो, मागच्या रांगेत टाळ घेऊन मी उभा असतोच. तीस वर्षं झाली. बुवांनी चरण सोडला की ध्रुपद उचलायचं, त्यांचा दम सरला की आपला आवाज पुढे करायचा आणि त्यांना दम आला की गुपचूप मागे यायचं. हे काम करणाऱ्याला झीलकरी म्हणतात. झीलकऱ्याला कुणी हार घालत नाही. नारळ मिळतो, तोही उरला तर. पण देवाशपथ सांगतो, मला त्या जागेचा फार अभिमान आहे. दोन हजार चार सालच्या फेब्रुवारीत तो दुणावला, आणि तोही देवळात नाही, परमुलखात, समुद्राच्या काठी.

मी कॉलेजात शिपाई. त्या वर्षी आमच्या चार मुली विशाखापट्टणमला साहस शिबिराला निघाल्या. समुद्रात नाव वल्हवायची आणि काठच्या खडकावर चढायचं, असं ते शिबिर. सोबत एक प्राध्यापिकाबाई आणि सामानाला मी. चौघींत रूही होती, माझ्याच गल्लीतली, गादीवाले नूर मोहम्मद यांची मुलगी. कापूस पिंजायला गावात मशीन आलं, तरी नूरभाऊंनी हातातली धनुकली सोडली नाही. सकाळी तिची तार वाजू लागली की आमची गल्ली उठते.

शिबिरात दोन परीक्षा होत्या, एक पाण्याची आणि एक खडकाची. दोन्ही पार करणाऱ्या मुलीला उन्हाळ्यात बोलावून शिकवणारी म्हणून तयार करणार होते. रूहीला तेच व्हायचं होतं. निघताना तिची आई, खैरुनभाभी, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "एकदाच जाऊन राह्यली बरं का. जमलं तं पुढचं पाहू. नाई जमलं तं हा इषय माह्या घरात पुन्हा नाई पाह्यजे."

नूरभाऊ नुसते हसले. "खुशालभाऊ, तुमी हाय ना मागं?"

"मी तं मागंच राह्यतो, नूरभाऊ. मले पुढं कोण उभं करते?"

बल्लारशाहला गाडी धरली आणि दुसऱ्या दिवशी पोचलो. कोळ्यांची वस्ती होती. दारोदार जाळी पसरलेली, माशांचा वास, आणि घरं संपली की काळे खडक नि त्यापुढे समुद्र. एवढं पाणी पाहून माझे हात आपोआप जुळले. वाकून ओंजळ भरली, डोळ्यांना लावली आणि वैनगंगेचं पितो तसं तीर्थ म्हणून प्यालो. मग जे खोकलो, ते खोकलोच.

"काका, मीठ बरोबर हाय ना?" रूहीनं विचारलं. चारही पोरी पोट धरून हसल्या.

माझी फजिती तिथेच थांबली नाही. मी नदीकाठचा माणूस, डोंग्यात वाढलेला. नावेत बसल्या बसल्या रूहीला सांगितलं, "हे वल्हे ठेव बाजूले. उभी राह्य अन् बांबूनं रेट." आणि दाखवायला स्वतःच बांबू घेऊन उभा राहिलो. बांबू तळाला लागेचना. मी तळ शोधत वाकलो आणि सरळ पाण्यात.

शिबिरातले शिकवणारे अप्पाराव यांनी मला मानगुटीला धरून वर ओढलं. "अंकल, ये नदी नहीं है! बैठो!"

तेव्हापासून मी काठावर बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी रूहीनं नावेचं नाक थेट लाटेवर धरून ती बाहेर काढली, दूरच्या खडकाला वळसा घातला आणि परत आणली. पाण्याची परीक्षा पार झाली. घरात बादलीशिवाय पाणी न पाहिलेली पोर! माझी छाती अशी फुगली की ओला सदरा अंगाला घट्ट झाला.

पण खडक काही ऐकेना.

खडक तीन माणसं उंच होता. वर एक कडी ठोकलेली. कडीतून दोर खाली आलेला. त्याचं एक टोक चढणाऱ्याच्या कंबरेला आणि दुसरं खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातात. वरची चढेल तसा खालच्यानं दोर ओढून घ्यायचा, आणि ती घसरली तर रोखून धरायचा. रूहीच्या दोराला दिव्यानी होती, तिच्याच वर्गातली. अर्ध्याच्या वर गेलं की खडक पोट काढल्यासारखा पुढे आलेला होता. तिथे रूही दोन दिवसांत पाच वेळा अडकली आणि पाचही वेळा लटकून खाली आली.

शेवटच्या दिवशी सकाळी ती वाळूत बसली होती. बोटांची सालं निघालेली.

"दिव्यानी, तू दोर काऊन ओढतं वं? मले वाटते कोणी मागून कॉलर धरून राह्यलं."

"तू पडशीन ना म्हणून." दिव्यानीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मंग पडू दे ना जरा!"

मी दोन दिवस पाहत होतो. न राहवून म्हणालो, "दिव्यानी बाई, तू दोराकडं पाहून राह्यली. टाळकरी टाळाकडं पाहते का? तो बुवाकडं पाहते. बुवाची मान कशी हलली, खांदा कसा उचलला, त्यावरून समजते का आता दम सरते. रूहीच्या टाचेकडं पाह्य. पडायच्या आधी तिची टाच थरथरते."

दिव्यानी नाक पुसत म्हणाली, "मंग काका, तुमीच धरा ना!"

ती रागानं बोलली होती. पण रूहीनं मान वर केली. "हो काका. तुमीच धरा."

अप्पारावांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. "अंकल का वजन तो अच्छा है," म्हणाले, आणि खरंच शिकवायला बसले. दुपारभर गाठ, पकड, पायांची जागा. शेवटी स्वतः अर्ध्या खडकावर गेले आणि न सांगता हात सोडून दिले. मी दोन बोटं जमिनीवरून उचललो गेलो, पण दोर सुटला नाही. खाली येऊन त्यांनी माझे तळवे उलटेपालटे करून पाहिले. टाळाच्या दोऱ्यांनी पडलेले घट्टे होते. "पास," म्हणाले. "पाच बजे पानी चढेगा. एक ही चान्स."

रूही चढू लागली. मी तिच्या टाचेवर डोळे लावले. ती एक पाऊल वर गेली की मी तेवढाच दोर घेत होतो, तिला जाणवणार नाही असा. मागं लाटांचा आवाज वाढत होता. ती पोटाखाली पोचली आणि थांबली. डावी टाच थरथरली. दोर आवळायचा मोह झाला, पण आवळला असता तर पुन्हा तीच कॉलर.

"काका, नाई होत."

कीर्तनात अशा वेळी बुवा गप्प झाले तर झीलकऱ्यानं गप्प राहायचं नसतं. पण उचलायचं काय? देवाचं नाव तोंडाशी आलंच होतं. पण झीलकऱ्यानं स्वतःची ओळ घुसवायची नसते. जो पुढे उभा आहे, त्याचीच ओळ उचलायची. रूहीची ओळ कोणती? वीस वर्षं रोज सकाळी ती ज्यावर उठली, तीच की.

मी खालून सुरू केलं, "टंऽग टंऽग धुनुक! टंऽग टंऽग धुनुक!"

अप्पाराव दचकले. दिव्यानीनं तोंडावर हात धरला. वर रूहीचे खांदे हलले. ती हसत होती. आणि हसता हसता तिची टाच स्थिर झाली.

"टंऽग टंऽग," मी म्हणालो. "धुनुक" तिनं म्हटलं आणि उजवा पाय पोटाच्या वरच्या खाचेत टाकला. मग मी आवाज हळूहळू मागे घेतला. आता तिचा दम तिला पुरत होता.

कडीला हात लावून ती ओरडली, "काका, अब्बूची तार लई ढिली वाजवली तुमी!"

खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वस्तीतल्या कोळणीसुद्धा टोपल्या खाली ठेवून वाजवत होत्या. मला वाजवता आल्या नाहीत, हातात दोर होता. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता, म्हणून तसाच उभा राहिलो आणि वर पाहत राहिलो. इतकी बुवांची कीर्तनं ऐकली, पण पुढे उभ्या असलेल्या माणसाचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

घरी आलो तेव्हा नूरभाऊ दुकानाच्या ओट्यावर कापूस पिंजत होते. रूहीनं प्रमाणपत्र भाभींच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं, मग तिची बोटं पाहिली आणि हळद आणायला आत गेल्या.

नूरभाऊंनी विचारलं, "तुमी काय केलं तिथी, खुशालभाऊ?"

"मी काय करतो? मागं उभा होतो."

"काका खोटं बोलून राह्यले, अब्बू," रूही म्हणाली आणि ओट्यावर बसून सगळं सांगितलं. धनुकलीचं आलं तेव्हा नूरभाऊंनी तारेवरचा हात थांबवला. मग तारेची खुंटी पिळून घट्ट केली, एकदा वाजवली आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, "अशी हाय. ध्यानात ठेवजा. पुढल्या खेपेले ढिली नाई पाह्यजे."

आतून भाभींचा आवाज आला, "रूही, उन्हाळ्यात किती दिवसासाठी बोलावून राह्यले तुले?"