पहिल्या धवल्याआधी

रविवारी दुपारी सारसोळ्यातल्या घरासमोर दिपेशने स्कूटरचं डावं झाकण उघडलं ते अगदी निवांतपणे. तळोज्याच्या कारखान्यात तो मेंटेनन्सला होता. तिथे दिवसभर मशीनचे पट्टे बदलायचे, आणि घरच्या गाडीचा बेल्ट मात्र घसरतोय, ओरडतोय, तरी ‘बघू रविवारी’ म्हणत ढकलत राहायचं, असा त्याचा खाक्या. आत पाहिलं तर बेल्टच्या कडा झिजून दोरे लोंबत होते. त्याने पुलीचा नट सोडवला, जुना बेल्ट काढून भिरकावला आणि नवा ओट्यावर वर्तमानपत्रावर ठेवला.

घाई नव्हती, कारण आईला न्यायला तळवलीहून मोटार येणार होती. आई म्हणजे सगुणाबाई, धवलारीण. आगऱ्या-कोळ्यांच्या लग्नात धवलारणीने मांडवात उभं राहून धवले म्हटल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. खाडीकाठच्या गावांतल्या कितीतरी बाया सगुणाबाईच्या गाण्यावर सासरी गेल्या होत्या. पण आताशा मांडवात डीजेच्या भिंती उभ्या राहतात, आणि म्हाताऱ्या बाईचा आवाज कुणाला हवा? बोलावणी आटत गेली. तळवलीच्या मारोती पाटलाच्या जाईची हळद, एवढं एकच बोलावणं यंदा आलं होतं.

आई सकाळपासून नवं लुगडं नेसून, तेलहळदीचं ताट पांढऱ्या फडक्यात बांधून ओट्यावर बसली होती आणि ओठांतल्या ओठांत नावं घोळवत होती. धवल्यात नवरीचं नाव यावं लागतं, तिच्या बापाचं यावं लागतं. अलीकडे तिला नावंच दगा देत. हे दिपेशला ठाऊक होतं आणि त्याने ते घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात नवरीच्या काकाचा, प्रसादचा फोन आला. दिपेशचे हात काळे, म्हणून त्याने कोपराने स्पीकर चालू केला.

“लोचा झालाय रे. तुर्भ्याला ट्रेलर आडवा झालाय, आमी पाठवलेली गाडी मधेच अडकली. रिक्षा पन हलत नाय, आनि ट्रेनला मेगाब्लॉक. बाइकवाले तेवढे कडेने निघतायत. तूच मावशीला घेऊन ये.”

“अरे, गाडी खोललीय माझी.”

“मग लाव ना पटकन. दिवस मावळायच्या आत हळद लागायला पायजे, आमच्याकडे तसंच हाय. आनि नायच जमलं तर टेन्शन घेऊ नको. पेनड्राइव्ह हाय. नंदकिशोरच्या भाविकाच्या लग्नात मावशीचं गाणं रेकॉर्ड केलं होतं ना, तेच लावू. आवाज तर तिचाच.”

फोन बंद झाला. आईचे ओठ थांबले होते.

“पेनड्राइव्ह लागला,” ती म्हणाली, “मंग मना परत कोन बोलावतोय?”

नट घट्ट करायला मोठा पाना लागणार होता, तो आणायला दिपेश शेजारी पळाला. परत येईपर्यंत आई जागची हलली नव्हती. बेल्ट वर्तमानपत्रावर छान चकाकत होता. नवा माल, असं मनात म्हणत त्याने तो उचलला, बाण पुढच्या दिशेला येईल असा बसवला आणि मागच्या पुलीत बोटांनी खोल दाबून धरला. तो नीट दाबला नाही तर पुढचा नट आवळल्यासारखा वाटतो आणि रस्त्यात घात करतो. त्याने पाना लावला, अंगातलं होतं-नव्हतं ते बळ लावून नट आवळला, झाकण चढवलं, पाना डिकीत टाकला आणि आईला मागे बसवून किक मारली.

नेरूळ संपेपर्यंत गाडी झकास चालली. तुर्भ्याच्या कोंडीतून ते कडेकडेने सुटलेसुद्धा. पण पुढचा पूल चढताना इंजिन किंचाळायला लागलं आणि चाक मात्र ऐकेना. ॲक्सिलरेटर पिळावा तेवढा नुसता आवाज. मागून टेम्पो हॉर्न मारत अंगावर आला. घाईत बेल्ट नीट बसला नसेल, नट सुटत असेल, आणि मागे आई बसलीय. दिपेशने गाडी ढकलत कशीबशी पुलाखाली आणली आणि रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून झाकण पुन्हा उघडलं.

नट जागच्या जागी होता. बेल्टही सरळ होता. पण आतून गरम तेलाचा वास आला, आणि तेलाबरोबर हळदीचा. त्याने बोट फिरवलं. बेल्टच्या दात्यांच्या खाचांत पिवळं अडकलं होतं.

“आये, तू बेल्टला काय लावलंस?”

सगुणाबाईने ताट छातीशी धरलं. “नवी वस्तू आयली ना रं घरात. जराशी तेलहळद लावली.”

“मग मला दिसली कशी नाय?”

“तू वरडशील म्हनून पदराने पुसली.”

मागच्या दसऱ्याला तिने गाडीच्या ब्रेकला तेलहळद लावली होती आणि तो तिला चांगलाच बोलला होता. तेव्हापासून ती गाडीची पूजा लपूनछपून करते, हे त्याला आत्ता कळलं. आणि त्याचं डोकंच फिरलं.

“बेल्टला तेल लावतात? तेलाने बेल्ट धरेल का पुलीला? तूच केलंस हे. आता ऐकू दे त्यांना पेनड्राइव्ह.”

ती कठड्यावर टेकली आणि रस्त्याकडे बघत राहिली. तो दातओठ खात नट सोडवत होता. खाडीच्या बाजूला ऊन उतरलं होतं.

“दिप्या,” मागून हळूच आवाज आला, “नवरीचा नाव काय रं?”

त्याला ऐकू आलं. पण राग उतरला नव्हता आणि पाना नटावरून घसरत होता. त्याने उत्तर दिलं नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

पुलीचं तेल पुसायला कोरडं, स्वच्छ कापड हवं होतं. त्याच्याकडची सगळी फडकी ग्रीसने माखलेली. तो डिकीत धुंडाळत असताना आईने ताटाची गाठ सोडली आणि पांढरं फडकं त्याच्यासमोर धरलं. त्याने ते न बघताच घेतलं, एक टोक पेट्रोलच्या टाकीत बुडवलं आणि पुलीच्या दोन्ही चकत्या, बेल्टचा दाता न् दाता घासून काढला. दुसऱ्या टोकाने कोरडं केलं. फडकं पिवळं-काळं झालं. त्याने बेल्ट पुन्हा बसवला. उघडं ताट मांडीवर घेऊन, हळदीवर हात धरून आई मागे बसली, आणि या वेळी गाडीने पुढचा चढ एका दमात घेतला.

तळवलीत शिरतानाच त्यांना आवाज ऐकू आला. सगुणाबाईचाच आवाज, पण मोठ्ठा, खणखणीत, स्पीकरच्या भिंतीतून येणारा. आई गाडीवरून उतरली आणि मांडवाच्या दारात उभी राहून स्वतःला ऐकू लागली.

“मांडवाचे दारी बसली लेक कोनाची, लेक नंदकिशोराची गो, भाविका नावाची.”

पाटावरच्या जाईने हळदीच्या वाटीपुढे धरलेला हात झटकन मागे घेतला.

“हे माझं नाव नाय,” ती म्हणाली. “आनि ते माझे बाबा पन नायत.”

मारोती पाटलाचा चेहरा पडला. दुसरीच्या नावाची हळद आपल्या पोरीला! बायांत कुजबुज सुरू झाली. प्रसादने धावत जाऊन गाणं बंद केलं, आणि मग कुणाला तरी दारातली सगुणाबाई दिसली.

तिला वाट करून दिली. ती पाटाजवळ गेली, डोळे मिटले आणि गायला लागली. स्पीकरनंतर तो आवाज फारच बारीक वाटला. पण मांडव चिडीचूप झाला.

“मांडवाचे दारी बसली लेक कोनाची, लेक मारोतीची गो...”

आणि ती थांबली.

बायांना वाटलं, श्वास घेतेय. दिपेशला तसं वाटलं नाही. तो मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, कोपरापर्यंत काळा. धवले बायकांचे. पुरुष त्यात तोंड घालत नाहीत, आणि त्याने तर जन्मात कधी गाणं म्हटलं नव्हतं. आईचा हात हळदीच्या वाटीवर तसाच थांबला होता. मघाशी पुलाखाली तिने विचारलं होतं, आणि आपण सांगितलं नाही, हे त्याला आतून कापत गेलं.

“जाई नावाची,” तो म्हणाला. म्हणाला कसला, त्याच चालीवर, फाटक्या आवाजात गायला.

बायांतून कुणीतरी फिस्कन हसलं. आईने डोळे उघडले नाहीत. तिने ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली, आणि नावाशी आली तेव्हा क्षणभर थांबली. अडली म्हणून नव्हे, तो यावा म्हणून. मग दोघांनी ते नाव एकत्र म्हटलं, आणि जाईने हात पुढे केला.