ट्रॉलीमागची जागा

करिष्माला सायकल चालवता यायला लागून एकच दिवाळी झाली होती, पण ऐट अशी की जणू पायडलवर पाय ठेवूनच जन्माला आली. उतारावर हात सोडायची, म्हशींच्या कळपातून नागमोडी काढायची, आणि तलवाड्याच्या शाळेत घंटी बडवत अशी शिरायची की सरांनीही बाजूला व्हावं. सायकल शाळेनंच दिलेली होती.

त्या सायकलीवरच तिची दहावी उभी होती. दसरा झाला तसे आईबाप ऊसतोडीला कर्नाटकात गेले. निघताना बापानं, उत्तरेश्वरनं, करिष्माला जिच्याकडं ठेवलं त्या बहिणीला बजावलं होतं, "विमल, सायकल चालतीय तवर शाळा. एवढ्या लांब पोरीला पायी धाडायची न्हाई. सायकल मोडली की पोरगी आमच्याकडं कोयत्यावर, ऊस तोडायला." विमलआत्यानं मान डोलावली. करिष्मानं लगेच चेनला घरातलं खोबरेल पाजलं.

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटली, तर पुलाच्या चढावर वाहनं तुंबलेली. पुढं चौकात कुण्या नेत्याचा सत्कार चालला होता. जेसीबीतून फुलं उधळणं होईस्तोवर बाकीच्यांनी उभंच राहायचं. थांबेल ती करिष्मा कसली? फटीफटीतून सरकत ती उसाच्या ट्रॉलीपर्यंत पोचली. आता, उभी ट्रॉली दिसली आणि ऊस उपसला नाही, असं पोर या भागात अजून जन्माला यायचंय. तिनं ट्रॉलीच्या अगदी मागं सायकल स्टँडवर लावली, पाय रोवले आणि एक जाडजूड ऊस धरला. ऊस हटेना, तीही हटेना.

शेवटी ऊस हातात आला तेव्हा एक पांढरी मोठी गाडी सायकलीच्या कॅरियरला नाक लावून उभी होती. एका अंगाला टेम्पो, दुसऱ्या अंगाला पुलाचा कठडा. माणूस अंग चोरून निसटेल एवढी फट होती. सायकल निघणार नव्हती.

तेवढ्यात पुढच्या गाड्या हलल्या. ट्रॅक्टरवाला उतरला, ट्रॉलीच्या चाकाखालचा दगड लाथेनं उडवला आणि परत चढला. ट्रॉलीला ब्रेक नसतो, चढावर ती त्या दगडाच्याच भरवशावर उभी असते, हे करिष्माला आजवर ठाऊक असायची गरजच पडली नव्हती. ट्रॅक्टरनं दम घेतला, पुढून उचलल्यासारखा झाला, आणि ट्रॉली वीतभर मागं आली.

ती ओरडली. पण ट्रॅक्टरवर खोक्याएवढे स्पीकर, त्यावर गाणं असं दणाणत होतं की तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. तिनं गाडीची काच ठोकली. काच खाली आली. कानाचा फोन न काढता त्या माणसानं अंगठ्यानं मागं दाखवलं.

"माझ्या मागं बस हाय. मी कुठं जाऊ?"

खरंच होती. बसच्या मागं आणखी काहीबाही होतं आणि ते सगळं हॉर्न वाजवत होतं. तिनं सायकल उचलायला घेतली. कॅरियर गाडीच्या नाकात अडकलं होतं. ट्रॉली आणखी सरकली. टेम्पोतली एक बाई म्हणत होती, सोड गं बाई, सोड. करिष्मानं सोडली नाही. मग ट्रॉलीचं लोखंड हँडलला टेकलं, घंटी दबली आणि आपोआप वाजली. तेव्हा तिनं हात सोडला आणि ती कठड्याला चिकटली.

पुढचं चाक पापडासारखं दुमडलं. दांडा मधोमध वाकला. मगच ट्रॅक्टरला चढ सापडला आणि तो गाणं वाजवत निघून गेला. गाडीवाला उतरला, बंपरवरून बोट फिरवलं, आणि म्हणाला, "ट्रालीच्या मागं कावून थांबलीस?" जमलेल्या सगळ्यांनीही तेच विचारलं. कुणी फोटो काढला. मग रस्ता मोकळा झाला आणि तेही निघून गेले.

तलवाड्यातल्या सायकलवाल्यानं दांडा बघूनच नकाराची मान हलवली.

संध्याकाळी आईचा फोन आला. विमलआत्यानं ओट्याला टेकवलेल्या त्या सांगाड्याकडे पाहिलं आणि फोन करिष्माच्या हातात दिला. पलीकडे, आईच्या मागं, कुठल्याशा ट्रॅक्टरवरचं गाणं वाजत होतं.

आई रोज आधी जे विचारायची तेच तिनं विचारलं.

"सायकल धड हाय नव्हं?"

करिष्मानं तोंड उघडलं. गाणं संपलं, दुसरं सुरू झालं.

"करिष्मा? आवाज येतोय का गं माझा?"